सॅमनच्या वाटेवरचा झुलता पूल

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर बॅलिंटॉय नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेरच्या कड्यावरून समोरच्या इवल्याशा बेटावर जाणारा एक दोरांचा झुलता पूल आहे, कॅरिक-अ-रीड. लांबी २० मीटर, खालच्या खडकांपर्यंतची खोली ३० मीटर. चालायला मिनिटभरही लागत नाही. तेवढ्यासाठी दरवर्षी लाखो माणसं इथे येतात, पूल ओलांडतात, फोटो काढतात आणि बसमध्ये जाऊन बसतात. हा पूल कोळ्यांनी सॅमन धरायला जाण्यासाठी बांधला आणि जवळजवळ अडीचशे वर्षं त्याच कामासाठी वापरला, हे बहुतेकांच्या कानावरून जातं, पण मनात राहत नाही. मला मात्र तिथे गेल्यावर पुलापेक्षा त्या माशाचीच ओढ लागली. तो मासा कळला की पूल तिथेच का आहे, तेही कळतं.

अटलांटिक सॅमन जन्मतो नदीच्या थंड, गोड्या पाण्यात, तळाच्या खडीत घातलेल्या अंड्यांतून. पहिली काही वर्षं तो नदीतच वाढतो. वीतभर झाला की प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतो आणि थेट फेरो बेटं, ग्रीनलंड यांच्या आसपासचा गार समुद्र गाठतो. तिथे एक किंवा अधिक हिवाळे काढून, अंगाने भरून, तो पुन्हा आपल्या जन्माच्या नदीकडे निघतो. किनारा जवळ आला की नदी ओळखतो ती पाण्याच्या वासावरून. अँट्रिमच्या या भागात अशा दोन नद्या आहेत, बुश आणि तिच्याही पश्चिमेला मोठी बॅन. उन्हाळ्यात सॅमनचे थवे किनारा धरून पश्चिमेकडे या नद्यांच्या दिशेने पोहत येत, आणि त्यांच्या वाटेत नेमकं हे बेट आडवं येई. त्याला वळसा घालायचा तर मासा बेटाच्या खडकाला लगटून जाणार. कोळ्यांनी जाळं लावायला तीच जागा निवडली.

बेलफास्टहून हमरस्त्याने कॅरिक-अ-रीड शंभरेक किलोमीटर आहे. हाताशी वेळ असेल तर मात्र त्या रस्त्याने जाऊ नये. लार्नपासून समुद्राला चिकटून उत्तरेकडे जाणारा अँट्रिम कोस्ट रोड धरावा. विल्यम बॉल्ड या अभियंत्याने १८३० च्या दशकात हे काम हाती घेतलं. त्याआधी इथल्या नऊ खोऱ्यांतल्या लोकांना डोंगर चढून-उतरून बाहेर पडण्यापेक्षा होडीने स्कॉटलंडला जाणं सोपं वाटे. बॉल्डने कड्यांना सुरुंग लावले आणि ढासळलेल्या दगडाचीच भर घालून पायथ्याशी रस्ता केला. आज गाडीतून जाताना एका हाताला लाटा आणि दुसऱ्या हाताला कधी पांढरा, कधी काळा, कधी तांबूस कडा दिसत राहतो. ग्लेनार्म, कार्नलॉक, कुशेंडॉल अशी लहान लहान बंदरं लागतात. कुठेही थांबलं तरी चालण्यासारखी.

डब्लिनहूनही एका दिवसात जाऊन येणाऱ्या बस पुष्कळ आहेत. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. आयर्लंडचं प्रजासत्ताक हा एक देश, आणि उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग. सीमेवर नाका नाही, फाटक नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागल्या आणि दुकानात युरोऐवजी पौंड मागितला गेला, की सीमा ओलांडली असं समजायचं. कोणी अडवत नाही म्हणून व्हिसा लागत नाही, असं नाही. दोन्हीकडे चालणाऱ्या व्हिसाची एक सोय भारतीयांसाठी आहे, पण तसा शेरा आपल्या व्हिसावर आहे का हे निघण्यापूर्वीच बघून घ्यावं.

पूल आणि बेट यांची देखभाल नॅशनल ट्रस्ट ही संस्था करते. तिकिटावर पूल ओलांडण्याची वेळ ठरलेली असते आणि उन्हाळ्यात ते आधी काढून ठेवणंच बरं. वारा फार असेल तर पूल बंद ठेवतात, तिथे कुणाचं काही चालत नाही. उत्तर अटलांटिकच्या काठावरचा वारा आहे तो. जूनमध्येही गरम कपडे आणि वारा न शिरणारं जाकीट हवंच.

गाड्या लावायच्या जागेपासून पूल साधारण एक किलोमीटरवर आहे. मला या चालण्यातच अर्धी सहल सापडली. पायवाट कड्याच्या कडेने वर-खाली होत जाते. दोन्ही बाजूंना काटेरी गॉर्सची पिवळीधमक झुडपं, गवतात समुद्रकाठी उगवणारी थ्रिफ्टची गुलाबी फुलं. ऊन असलं की खालचं पाणी हिरवट-निळं, तळाच्या पांढऱ्या दगडामुळे उजळलेलं दिसतं. समोर रॅथलिन बेट पसरलेलं असतं आणि त्याच्या पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, स्कॉटलंडचा मल ऑफ किंटायर. दोन देशांमधला समुद्र इथे इतका अरुंद आहे की शतकानुशतकं माणसं, भाषा, आडनावं आणि भांडणं याच पाण्यावरून ये-जा करत राहिली.

वाटेत मागे वळून पाहिलं की लॅरीबेनचा पांढराशुभ्र कडा दिसतो. तिथे पूर्वी चुनखडीची खाण होती. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतलं एका राजाच्या छावणीचं चित्रण त्या खाणीत झालं, आणि ती जागा बघायला येणारे वेगळेच. मला त्या पांढऱ्या कड्याशेजारच्या काळ्या दगडाने जास्त वेळ थांबवलं. पांढरा थर डायनोसॉरच्या काळातल्या उबदार समुद्राचा तळ आहे, सूक्ष्म जीवांच्या कवचांचा गाळ साचून झालेला. त्यात गारगोटीचे गोळे अडकलेले असतात, आणि त्याच गारगोटीची हत्यारं करून अश्मयुगातली माणसं या किनाऱ्यावर जगली. पुढे सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी युरोप आणि ग्रीनलंड एकमेकांपासून दूर सरू लागले, जमीन फाटली आणि लाव्हा या पांढऱ्या थरावर पसरला. तोच इथला काळा बेसाल्ट.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा दगड परका वाटत नाही. आपला काळा पाषाणही असाच, लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. इथून दहाएक किलोमीटरवर जायंट्स कॉजवे आहे, जिथे लाव्हा थंड होताना तडकून सुमारे ४०,००० खांब तयार झाले. बहुतेक षट्कोनी. १९८६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तसेच उभे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरही आहेत, इमारतींच्या गराड्यात सापडलेले. अँट्रिमला त्यांची जी काळजी घेतली जाते ती पाहिल्यावर आपल्या टेकडीबद्दल जीव तुटतो.

कॅरिक-अ-रीड बेट स्वतः मात्र पसरलेल्या लाव्ह्याचं नाही. ते ज्वालामुखीचा घसा आहे. इथे स्फोट झाला, राख उडाली, चुनखडीचे आणि बेसाल्टचे तुकडे त्या राखेत मिसळून घट्ट झाले, आणि नळीत वर चढणारा रस तिथेच गोठून कठीण झाला. नंतर समुद्राने मऊ भाग कोरत नेला. कठीण होतं ते बेट म्हणून उरलं आणि मधलं मऊ होतं तिथे खाच पडली. त्या खाचेवर पूल आहे.

पायवाट संपते तिथून उतरण सुरू होते, आणि शेवटी लोखंडी पायऱ्यांचा उभा जिना आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार पुलाचा करू नये, या जिन्याचा करावा, कारण परत येताना तो चढायचा असतो. खाली ट्रस्टचा माणूस उभा असतो. एका वेळी आठच जणांना सोडतात, एका बाजूचे आले की मग दुसऱ्या बाजूचे. पुलाच्या मध्यावर थांबून फोटो काढत बसू नका, असं तो प्रत्येक गटाला न कंटाळता सांगतो.

आमच्याबरोबर माझी आत्या होती. सत्तरी ओलांडलेली, गुहागरकडे वाढलेली. आमच्या पुढची एक तरुण मुलगी दोन पावलं टाकून परत फिरली, तशी मी आत्याकडे पाहिलं. तिने बूट तपासावा तसा पायाने पहिल्या फळीचा अंदाज घेतला आणि निघाली. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "अगो, याला दोन्हीकडनं धरायला आहे की! आमच्या व्हाळावरच्या साकवाला एकच बांबू असायचा. दप्तर डोकीवर, आणि खाली पावसाचं पाणी."

तिला ठाऊक नव्हतं, पण ती या पुलाचा जुना इतिहासच सांगत होती. १९७० च्या दशकापर्यंत कॅरिक-अ-रीडच्या पुलाला धरायला एकच दोर होता आणि फळ्यांमध्ये मोठमोठी भगदाडं. कोळी त्यावरून मासे घेऊन ये-जा करत. आणि साकवासारखाच तोही हंगामी होता. कोकणात गावकरी मिळून साकव घालतात आणि त्याची गरज सरली की तो काढतात किंवा वाहून जाऊ देतात. इथले कोळी दर वसंतात पूल टांगत आणि सॅमनचा हंगाम संपला की उतरवून ठेवत. हिवाळ्यातल्या वादळात तो ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण बेटावर कामच नसे. पहिला पूल १७५५ सालचा मानला जातो. त्यानंतर किती वेळा तो टांगला गेला असेल त्याचा हिशेब कोणाला लागेल! त्या बांधणाऱ्यांकडे नकाशे नव्हते, दोर वळण्याची आणि गाठी मारण्याची पिढीजात विद्या होती.

आजचा पूल अर्थातच वेगळा आहे. २००० साली स्थानिक गिर्यारोहकांच्या मदतीने बांधलेला पूल दहा टन भार पेलणारा होता. २००४ मध्ये पुन्हा नवा आला, आणि २००८ मध्ये आणखी एक. पायाखाली लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना जाळी, वर तारेचे भक्कम दोर. चालताना तो हलतो, वाऱ्याने थोडा तिरकाही होतो, आणि मध्यावर आल्यावर आपल्या पुढच्याचं पाऊल आपल्या पायाखाली जाणवतं. खाली बघावं. अनेकजण बघू नका म्हणतात, पण मला वाटतं इथे येऊन खाली न बघणं हे इथवर आल्याचा अपमान आहे. खाचेत पाणी आत शिरतं, खडकाच्या पोटातल्या गुहेवर आदळतं आणि फेसाळत परत जातं. पूल ओलांडताना आजवर कोणी पडलेलं नाही, असं सांगतात. बेटावर गेल्यावर परत पुलावर पाय ठेवायचा धीर न होऊन होडीने न्यावी लागलेली माणसं मात्र झाली आहेत.

बेट लहान आहे. वरून गवताचं, कडेने तुटलेलं. कुंपण फारसं नाही, म्हणून मुलांचा हात सोडू नये. पलीकडच्या कड्यांवर गिलेमॉट, रेझरबिल, किटिवेक हे समुद्रपक्षी घरटी करतात. मे-जूनमध्ये त्यांचा कलकलाट आणि विष्ठेचा उग्र वास दोन्ही भरपूर. फुलमार हा राखाडी पक्षी पंख न हलवता वाऱ्यावर तरंगत अगदी नजरेच्या उंचीवर येतो. पश्चिमेला शीप आयलंड दिसतं, सपाट माथ्याचं, कॉर्मोरंटच्या वस्तीचं.

लोक इथे आले की पुलाच्या तोंडाशीच घुटमळतात, कारण फोटो तिथून चांगला येतो. पुढे जावं. उतारावर, खडकाला पाठ लावून, पांढऱ्या रंगाची कोळ्यांची खोपी उभी आहे. ट्रस्टने ती दुरुस्त करून राखली आहे. माझ्या मते सगळ्या भेटीचं मोल या जागी आहे. हंगामात माणसं इथे वस्तीला असत. जाळी, दोर, बुडती वजनं, सगळं इथेच. बेटाला धक्का नाही, लाटांपासून आडोसा नाही, होडी पाण्यात बांधून ठेवण्याची सोय नाही. म्हणून ती यारीने उचलून खडकावर घ्यायची आणि कामाच्या वेळी पुन्हा खाली सोडायची.

जाळं लावण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. खडकापासून समुद्राच्या आत जाणारी जाळ्याची एक सरळ उभी भिंत असते. किनाऱ्याने येणारा सॅमन तिला अडतो. त्याचा स्वभाव असा की अडथळा आला की तो मागे न फिरता खोल पाण्याकडे वळतो आणि भिंतीच्या कडेने पुढे जात राहतो. भिंतीच्या टोकाला जाळ्याची खोली, तिच्या पुढे अधिक अरुंद खोली, आणि शेवटी पिशवी. आत शिरायला वाट आहे, बाहेर पडायला सापडत नाही. मासा जखमी होत नाही, जिवंत आणि चकचकीत वर येतो, म्हणून त्याला भाव चांगला. यात पाठलाग नाही, वेग नाही. माशाचा रस्ता, भरती-ओहोटी आणि एका खडकाची जागा यांची अचूक जाण एवढीच या धंद्याची पुंजी होती.

१९६० च्या दशकात इथे दिवसाला ३०० च्या आसपास सॅमन मिळत. २००२ मध्ये संपूर्ण हंगामात ३०० मिळाले. त्या वर्षी शेवटचं जाळं उचललं गेलं आणि धंदा थांबला.

कारण एकच सांगता येत नाही. खोल समुद्रात वर्षानुवर्षं झालेली बेसुमार मासेमारी आहे, नद्यांचं प्रदूषण आहे, अंडी घालण्याच्या खडीवर बसलेला गाळ आहे, आणि समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी परतणाऱ्यांचं घटत गेलेलं प्रमाण आहे. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर हीच तक्रार ऐकू येते. जवळच्या बुशमिल्स गावात बुश नदीवर सॅमनचं संशोधन केंद्र आहे. नदीतून समुद्राकडे जाणारी पिल्लं किती आणि परतणारे मासे किती याची नोंद तिथे कित्येक वर्षं ठेवली जाते. बुशमिल्सला जाणारे प्रवासी मद्याची जुनी भट्टी बघून येतात. १६०८ सालचा परवाना बाटलीवर छापतात ती हीच. त्याच नदीचं पाणी तिथेही वापरलं जातं. पण नदीकाठी थोडं चालून बघायला हरकत नाही, कारण कॅरिकच्या खडकाला वळसा घालून जाणारे मासे शेवटी येत ते इथे.

पूल आज उभा आहे तो प्रवाशांमुळे, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. मासेमारीच्या भरवशावर असता तर २००२ नंतर त्याला पुन्हा कोणी टांगलं नसतं, दोर सडले असते आणि बेट पक्ष्यांचं झालं असतं. तिकिटाच्या पैशातून पायवाट, जिना, खोपी, सगळ्याची निगा राहते. २०१७ मध्ये कोणीतरी पुलाचे दोर कापण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो तातडीने दुरुस्त करून उघडला गेला. माझं म्हणणं एवढंच आहे की बसमधून येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती खोपी दाखवावी, मग पूल. आपल्याकडेही किल्ल्यावर, बंदरावर, घाटात आपण असंच करतो. दगड बघतो, पण तिथे राबलेल्यांची कामाची पद्धत विचारत नाही.

भेटीसाठी मे ते जुलै हा काळ सर्वांत चांगला. पक्षी असतात, फुलं असतात, आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई राहत नाही. सकाळची पहिली किंवा दिवसाची शेवटची वेळ घ्यावी, मधल्या वेळेत बसगाड्यांची गर्दी असते. स्वतःची गाडी नसेल तर बेलफास्टहून रेल्वेने कोलरेनला यावं आणि तिथून किनाऱ्याने बॅलिकॅसलपर्यंत जाणारी कॉजवे रॅम्बलर बस पकडावी. ती जायंट्स कॉजवे आणि कॅरिक-अ-रीड दोन्हीकडे थांबते.

बॅलिंटॉयचं जुनं बंदर पायी जाण्याच्या टप्प्यात आहे. वळणावळणाच्या उतारावरून खाली जावं. तिथे चुन्याची भट्टी आहे, काठाला खडकांचे सुळके आहेत, आणि तीही जागा 'गेम ऑफ थ्रोन्स'मुळेच प्रसिद्ध झाली. बीचच्या झाडांची कमान असलेला डार्क हेजेस रस्ता मात्र मी कोणाला मुद्दाम सुचवणार नाही. अठराव्या शतकात स्टुअर्ट घराण्याने लावलेली ती झाडं वादळांत एकेक करून पडत चालली आहेत, आणि त्यांच्या मुळांवर गर्दीचा भार नको.

त्यापेक्षा उरलेला दिवस बॅलिकॅसलला द्यावा. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवार-मंगळवारी गेलात तर तिथे ओल्ड लॅमस जत्रा भरलेली असते. डल्स नावाचं वाळवलेलं जांभळट समुद्रशेवाळ आणि यलोमॅन नावाची पिवळी, जाळीदार, दाताला चिकटणारी मिठाई ही जत्रेची खास खरेदी. आत्याने डल्सचा तुकडा चघळला आणि म्हणाली, "खारवलेल्या बोंबलाच्या तोडीचं आहे, भात हवा होता." बंदरातून रॅथलिन बेटाला बोटी सुटतात. मार्कोनीच्या माणसांनी १८९८ मध्ये बिनतारी संदेश पाठवून पाहिले ते याच बॅलिकॅसल आणि रॅथलिनच्या दरम्यान. पफिन बघायचे असतील तर जुलै संपायच्या आत जावं, आणि बोटीचं तिकीट पुलाच्या तिकिटाबरोबरच काढून ठेवावं, कारण उन्हाळ्यात जागा लवकर भरतात.